थोपवलेली पाळी

धाकटा रणजित बायकोला घेऊन जर्मनीला गेला ते दोन हजार तेवीस साल. धायरीच्या घरात आई मथुराबाई, थोरला विक्रम आणि त्याची बायको नम्रता, एवढीच माणसं उरली. मथुराबाई विधवा, त्यामुळे गौरी आणायला सवाष्ण एकटी नम्रताच.

लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. श्रावणात सासू-सुना डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर अंधारात तांबडे-निळे ठिपके लुकलुकत होते. बाईंनी समजावलं, की दर महिन्याला गर्भाशयात मऊ अस्तर धरतं, त्यात रक्ताच्या नव्या नसा फुटतात, पीळ घेत वर चढतात. गर्भ राहिला नाही की त्या आवळतात आणि सगळं गळून जातं. मथुराबाईंनी जन्मभर ज्याला विटाळ म्हटलं, ते हे. निघताना बाईंनी बजावलं, नम्रताचं रक्त लवकर गोठतं, विचारल्याशिवाय पाळीची कुठलीच गोळी घ्यायची नाही.

नेमकी गौरींतच तारीख आली. मथुराबाईंनी मेडिकलमधून पाळी लांबवायची गोळी आणली. गल्लीतल्या बायका सणाला घेतातच. ते औषध आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

"देवाची गोळी हाय ती. डॉक्टरणीला काय विचारायचं?"

गौरी गेल्या तर पितृपंधरवडा लागला. नम्रताच्या सासऱ्यांचं पान कोण रांधणार? मग घट बसले. गोळी चालूच राहिली.

नम्रता बोलेनाशी झाली. भर दुपारी पोटावर हात ठेवून कानोसा घेत बसायची. मथुराबाईंनी विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाली, "आई, आत कुणीतरी घर बांधतंय. राहायला येणारं कुणी नाही, तरी थांबत नाही."

"दसरा झाला की पाडायला सांग," मथुराबाई म्हणाल्या. पण हसू काही आलं नाही. घटाचं धान वीतभर वाढलं होतं. वाकून बघितलं तर मातीतली मुळं त्यांना तांबडी दिसली, पीळ घेत वर येणारी. त्यांनी परत तिकडे बघितलं नाही.

सातव्या माळेला नम्रताची पोटरी सुजून कडक झाली. मथुराबाईंनी हळदीचा लेप लावला, दवाखान्याचं दसऱ्यानंतर बघू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली. विक्रमने गाडी काढेपर्यंत ओठ निळे पडले. दवाखान्यात विचारलं, कुठली गोळी चालू होती? मथुराबाईंनी सांगितलं. पायातली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली होती.

विक्रमची बायको नम्रता अष्टमीच्या दिवशी, बावीस ऑक्टोबरला, दुपारच्या आत वारली.