डायव्हर्टेडचा अर्थ

मार्तंड सरांनी नेवाशात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. चुकीचा अर्थ सांगणाऱ्याला ते वर्गाबाहेर काढत आणि बरोबर सांगणाऱ्यालाही सोडत नसत; "आता वाक्यात उपयोग कर" हे ठरलेलंच. अख्ख्या तालुक्याकडून क्रियापदांची रूपं घोकून घेणाऱ्या या माणसाने बायकोला मात्र कधी एबीसीडी शिकवली नाही. दमयंतीबाईंचंही त्यावाचून काही अडलं नाही.

आता त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. डॉक्टरांनी हात टेकले, म्हणून सरांनी त्यांना घरी आणलं होतं. जीव अडकला होता मुलात, सुश्रुतमध्ये. चार वर्षांपूर्वी त्याने कॅनडात परस्पर लग्न उरकलं, तेव्हा बाई "पुन्हा तोंड दाखवू नकोस" असं बोलून बसल्या. पोरगा आईसारखाच हट्टी, त्याने खरंच दाखवलं नाही. आज तो येत होता. विमानाने दिल्लीहून शिर्डी, तिथून गाडीने दोन तासांत घर.

सर मोबाईल घेऊन उशाशी बसले होते. विमान कंपनीचा मेसेज आला की मोठ्याने वाचत.

"डिपार्टेड."

"म्हणजे हो?"

"निघालं."

"मग वाक्यात सांगा की," बाई हसून म्हणाल्या.

"सुश्रुत दिल्लीहून निघाला."

एवढ्यानेच त्यांचा चेहरा उजळला. चार दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या होत्या.

साडेनऊला पुढचा मेसेज आला, तो मात्र सरांनी मनातच वाचला. धुक्यामुळे विमान शिर्डीला न उतरता हैदराबादकडे वळवलं होतं.

"काय आलं?"

"डायव्हर्टेड."

"म्हणजे?"

सरांनी त्या चेहऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे उतरलं," ते म्हणाले. उभ्या जन्मात त्यांनी कुणाला चुकीचा अर्थ सांगितला नव्हता.

"मग केस विंचरा माझे. कुंकूही लावा. त्याच्यासमोर असा अवतार नको."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचे केस विंचरले. भांग वाकडाच पडला.

अकराच्या सुमारास सुश्रुतचा फोन आला. सर अंगणात गेले.

"बाबा, हैदराबादला अडकलोय. गाडी केली तरी पोचायला रात्र होईल. आईला द्या ना फोन."

खाट दहा पावलांवर होती. पण फोन दिला की आपलं खोटं उघडं पडणार. एवढा शिकलेला माणूस, त्या वेळी अक्कल गहाण टाकून बसला.

"झोपलीये रे," ते म्हणाले आणि फोन ठेवून आत आले.

थोड्या वेळाने बाहेर टेम्पो थांबला. शेजाऱ्यांचं सिमेंट आलं होतं.

"आला ना?" बाईंनी विचारलं.

"हो," सरांच्या तोंडून निघून गेलं. "आलाच."

बाई दाराकडे बघत राहिल्या. गोण्या उतरल्या, टेम्पो निघून गेला. आत कुणी आलं नाही.

"दारापर्यंत येऊन परत गेला," त्या पुटपुटल्या. "अजून राग गेला नाही त्याचा. मीच तसं बोलले होते."

"नाही गं, नाही! मी खोटं बोललो!" सर ओरडले. त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि बाईंच्या कानाशी धरला. "बोल रे, बोल तिच्याशी!"

"आई," सुश्रुतचा आवाज खोलीभर झाला. "आई, चुकलो गं मी. ऐकतेस ना?"

दमयंतीबाईंची नजर दारावरच होती. पापणी मात्र लवत नव्हती.