झाकणांवरच्या खुणा

ही एकोणीसशे सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्या वर्षी अक्रोडाला भरघोस फळ धरलं होतं आणि इमिनवामानच्या धबधब्यावर मराकेश शहरातून इतकी माणसं येत होती की रविवारी गाड्या उभ्या करायला जागा उरत नसे. धबधब्याच्या वाटेवर, नदीला लागून, बास्सूची खाणावळ होती. भिंती अशा नव्हत्याच. काठावर वेताचं छप्पर, त्याखाली ओळीने कोळशाच्या शेगड्या आणि शेगड्यांवर ताजिनची मातीची भांडी, उंच टोकदार झाकणांची. टेबलं मात्र खाली, थेट नदीच्या पात्रात मांडलेली. उन्हाळ्यात पाणी घोट्याएवढंच असे. पाण्यात पाय सोडून जेवायचं, त्यासाठीच तर लोक येत.

रांधणं सगळं इत्तोच्या हातचं. बास्सूच्या धाकट्या भावाची ती बायको. अक्रोड झोडपताना तो झाडावरून पडून गेला, त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माहेरी भावजयीचं राज्य होतं. म्हणून त्या शेगड्यांमागची चार हात जागा, एवढंच काय ते इत्तोचं घर.

गिऱ्हाईक सकाळी येई, आपलं भांडं ठरवी आणि धबधब्यावर जाई. मटण मंद आचेवर तीन तास शिजे. सगळी भांडी सारखीच दिसत, म्हणून इत्तो प्रत्येकाच्या झाकणाच्या टोकावर एक खूण ठेवी. कुणाचा टोमॅटो, कुणाचं लिंबू, कुणाचा कांदा, कुणाची हिरवी मिरची. एकदा खूण ठेवली की भांडं त्यांचं झालं. मग सुलतान येऊन बसला तरी त्याला त्यातला घास मिळायचा नाही. त्या खुणांवर कुणी संशय घेतल्याचं कधी ऐकिवात नव्हतं.

त्या रविवारी दुपारी चारही टेबलं भरली होती, एकावर फेस शहराहून आलेलं कुटुंब होतं. माणसं धबधब्यावरून भुकेजून परतली होती. इत्तो जवाच्या पिठाचा गोळा मळत होती आणि मळता मळता तिचे हात थांबले.

बाटल्या वाजत नव्हत्या.

सरबताच्या बाटल्या जाळीत घालून ती नदीत दगडाला बांधून ठेवी, गार राहाव्यात म्हणून. प्रवाहात त्या दिवसभर एकमेकींवर किणकिणत. ते ऐकतच तिचा उन्हाळा जाई. आता एकदम शांत. हात तसेच पिठाचे घेऊन ती काठाशी गेली. बाटल्या अर्ध्या पाण्याबाहेर उघड्या पडल्या होत्या. दगडावर ओल दिसत होती, पण पाणी त्या ओलीखाली चांगलं चार बोटं उतरलं होतं. जे उरलं होतं ते गढूळ, आणि त्यात अक्रोडाची हिरवीगार पानं. गळालेली नव्हेत, ओरबाडलेली.

तिचे वडील वरच्या गावचे. ते म्हणत, नदी वाढली तर माणसाला दिसतं, नदी थांबली तर दिसत नाही. वर कुठेतरी झाडं आडवी पडून पाणी तुंबलं होतं. किती वेळ तुंबून राहील, ते देवालाच ठाऊक.

बास्सू चहाची केटली घेऊन पायऱ्या उतरत होता.

"भाऊजी, पाणी उतरलंय."

"बरंच झालं. आणखी दोन टेबलं मावतील."

"वर कुठेतरी अडकलंय, भाऊजी. पानं बघा."

"तुझ्या डोक्यात अडकलंय." त्याने आवाज खाली आणला. "वर बघ. आहे का ढगाचा तुकडा? मागच्या वेळचं विसरलीस?"

ती कशी विसरेल? दोन वर्षांपूर्वी डोंगरामागे काळं आभाळ बघून तिने "नदी आली!" म्हणून ओरडा केला होता. जेवती माणसं पळाली, एका बाईचं मनगट मोडलं आणि नदी काही आली नाही. तो सगळा उन्हाळा टेबलं रिकामी राहिली. बास्सूने चारचौघांत सांगितलं होतं, "इत्तो, पुन्हा माझी माणसं ताटावरून उठवलीस तर माहेरची वाट धर." ताटावर बसलेल्याला उठवणं म्हणजे त्या भागात थोबाडीत मारल्यासारखंच.

"लल्ला इत्तो!" खालून सी ताहर ओरडला. मानाने बाईला लल्ला आणि पुरुषाला सी म्हणायची तिथली रीत. मराकेशला त्याचं चपलांचं दुकान होतं, पोट भलंमोठं आणि आवाज पोटाहून मोठा. "आणखी उशीर केलात तर मी हे दगड खायला घेईन बरं! आमची आई तर माझ्याकडेच भुकेल्या नजरेनं बघतेय!"

त्याची आई लल्ला मेनाना पाण्यात पाय सोडून, डोळे मिटून बसली होती. टेबलं हसली.

इत्तो शेगड्यांपाशी परतली. ओरडावं? हसणारी माणसं ओरडल्याने उठत नाहीत. बास्सू पुढे होऊन सांगेल, घाबरू नका, बाईचं डोकं जरा असं आहे. आणि नदी आली नाही तर संध्याकाळी तिचं गाठोडं दाराबाहेर असेल. तिने कान दिला. बाटल्या गप्पच होत्या.

मग तिने हात पुढे केला आणि सी ताहरच्या झाकणावरचं लिंबू उचललं.

"सी ताहर!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमचं कोकराचं मी या फेसवाल्यांना देतेय. त्यांना घाई आहे."

लिंबू दुसऱ्याच भांड्यावर गेलं. टोमॅटो कांद्याच्या जागी, मिरची शेगडीत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

क्षणभर कुणाला कळेचना. मग एकच गलका उठला.

"अहो बाई, ते आमचं आहे!"

"सकाळपासून खूण होती त्यावर!"

"आम्ही कधी म्हटलं घाई आहे? आमचं बोकडाचं कुठे गेलं?"

"जो आधी वर येईल त्याचं!" इत्तो म्हणाली आणि एक भांडं फडक्यात धरून वरच्या पायवाटेने निघाली.

माणसं उठली. बायका, पोरं, चपला हातात घेऊन, भांडत, एकमेकांना ढकलत पायऱ्या चढली. सी ताहर धापा टाकत सगळ्यांच्या पुढे. बास्सूने तिला गाठलं आणि मनगट धरलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझं नाक कापलंस! सबंध खोऱ्यात माझं नाक..."

"नाकाचं नंतर, भाऊजी. म्हातारी खालीच राहिली."

पात्रात चार टेबलं आणि एकटी लल्ला मेनाना. ओरड्याने तिने डोळे उघडले होते आणि आपली माणसं कुठे गेली ते ती शोधत होती. भांडं वाटेवरच ठेवून इत्तो पायऱ्या उतरली. बास्सू शिव्या घालत मागे गेला. पण पाहुणी, तीही म्हातारी, एकटी सोडायची म्हणजे काय? तेवढी लाज त्याला होती.

पाण्यात उतरल्यावर त्यालाही वास आला. ओल्या मातीचा, उकरलेल्या मुळांचा. आणि वरच्या वळणाआड, भरलेला ट्रक चढाला लागावा तशी घरघर.

त्याने खुर्चीचा एक हात धरला, दुसरा इत्तोने.

"कुठे नेताय रे मला?" लल्ला मेनाना म्हणाली. "मी अजून जेवले नाही!"

सात पायऱ्या. पाचवीवर बास्सूचा पाय घसरला, गुडघा फुटला, पण त्याने खुर्ची सोडली नाही. शेवटच्या पायरीवर सी ताहरने आईला ओढून घेतलं आणि त्याच वेळी वळणावरून तपकिरी भिंत आली. पाण्यापेक्षा झाडंच जास्त. टेबलं काड्यांसारखी गेली. मग पायऱ्या गेल्या, मग छप्पर, मग शेगड्या. कोळसे पाण्यात चुरचुरले, तेवढं ऐकू आलं.

वर पायवाटेवर ती सगळी उभी होती. वाटेवर ठेवलेलं एकच भांडं वाचलं होतं. फेसवाल्याची बायको म्हणाली, "हे कुणाचं होतं?" कुणालाच सांगता आलं नाही. मग सगळ्यांनी त्यातच हात घातला.

लल्ला मेनाना आणखी सहा वर्षं जगली. मराकेशला येईल त्याला सांगे, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला दोघांनी नवरीसारखं उचलून नेलं. सी ताहर दर उन्हाळ्यात यायचा, त्याचं पोट आणखी सुटलं, आणि आपल्या झाकणावरच्या लिंबावर नजर ठेवूनच बसायचा. बास्सूने खाणावळ वरच्या पायवाटेपाशी हलवली. पात्रात पुन्हा टेबल टाकलं नाही, गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी. माफी त्याने कधी मागितली नाही. पण त्यापुढे सोळा वर्षं, मरेपर्यंत, रोज सकाळी चहाच्या आधी तो शेगड्यांपाशी यायचा आणि विचारायचा, "इत्तो, पाणी कसं आहे?"

इत्तो अजून आहे. तिला आता कमी दिसतं. खाणावळ बास्सूचे मुलगे चालवतात आणि सरबतं फ्रिजमध्ये असतात. तरी उन्हाळा लागला की ती चार रिकाम्या बाटल्या जाळीत घालून नदीत बांधायला लावते, आणि ऐकू येतील अशा जागी बसते.