येथे थांबू नये

बुधवार पेठेतल्या आमच्या पंखे-वायरींच्या दुकानात मालापेक्षा पाट्या जास्त होत्या. माझ्या नवऱ्याचा, सलिलचा, तो शौक. ‘उधारी मागून दोघांचा वेळ घालवू नये.’ ‘भाव एकच. घरी विचारून या, तरी एकच.’ पाटी न वाचता कोणी बोललं की सलिल चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, “वाचता येतं ना?” तरी गिऱ्हाईक यायचं. पुण्याचंच ते, अपमान झाल्याशिवाय खरेदी केल्यासारखं वाटत नाही.

त्याची केमो सुरू झाली तेव्हा मी पहाटे पळायला लागले. तब्येतीसाठी वगैरे नाही. घरात त्याच्यासमोर रडायची सोय नव्हती, एवढंच. बस पकडायलाही कधी न धावलेली मी, एकोणपन्नासाव्या वर्षी नदीकाठी धापा टाकत रडायचे. लोकांना तो घाम वाटायचा.

मग औषधांनी हात टेकले. सलिलला वाघोलीजवळच्या हॉस्पिसमध्ये नेलं. तिथे बरं करायचं सोंग करत नाहीत, वेदना कमी करतात आणि माणसाला शांतपणे जाऊ देतात. खाटा मात्र मोजक्याच. सलिलने पडल्या पडल्या ठरवून टाकलं की शर्मिलाने, म्हणजे मी, मॅरेथॉन पळायची आणि त्यानिमित्ताने हॉस्पिससाठी देणग्या गोळा करायच्या. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करकरून त्याने पैसे शर्यतीआधीच जमवले. मग पळायची गरज काय, असं मी म्हटलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

“तुझा हात सोडून पाच-सहा तास कुठे जाऊ मी?”

“या फाटकावरूनच रस्ता आहे. जाताना बघेन, येताना बघेन. पुरी कर. मला बघायचंय.”

त्याने बघावं, एवढ्यासाठीच मी त्या पहाटे खराडीला शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभी राहिले.

जाताना तो फाटकाशी व्हीलचेअरवर होता, शाल गुंडाळलेला. मांडीवर पुठ्ठ्याची पाटी होती. ‘धावणाऱ्यांनी येथे थांबू नये. विश्रांतीची सोय फक्त पेशंटांसाठी.’ मागे प्रियदर्शनी सिस्टर खुर्ची धरून हसत होती. मलाही हसू फुटलं. मी वेग कमी केला, तर त्याने पाटीवर बोट आपटलं. गेले पुढे.

परतताना ऊन चढलं होतं. पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांत डंपरची धूळ, बुटात अंगठ्याचं नख सुटलेलं. देवाला शिव्या दिल्या, सलिललाही दिल्या. मध्ये चाललेही बरीच. पण फाटकासमोरून पळतच जायचं, त्याला चालताना दिसायचं नाही, हे मनाशी घट्ट धरलं होतं. शेवटच्या वळणाला दात आवळून पुन्हा धावायला लागले.

फाटक दिसलं. खुर्ची नव्हती. सिस्टर एकटीच उभी होती, पाटी दोन्ही हातांनी छातीशी धरून.

मी थांबले.

“ताई, ते म्हणाले होते, नुसती पाटी दाखवायची, काही बोलायचं नाही,” ती म्हणाली, आणि तिलाच रडू आवरेना. “तुम्ही पुढे गेलात आणि थोड्या वेळाने गेले ते. त्रास नाही झाला. तुम्ही हात धरून बसायचात ना, तेव्हा जीव ओढून धरायचे. काहींना आपल्या माणसाच्या देखत जाता येत नाही, ताई.”

म्हणजे मला पळायला धाडलं होतं ते यासाठी. आधी रडू आलंच नाही, संताप आला. उभ्या जन्मात ज्याने गिऱ्हाइकाला दुसरा भाव सांगितला नाही, तो मला तोंडावर खोटं बोलला. येताना बघेन म्हणाला होता.

शर्यत अजून सात-आठ किलोमीटर राहिली होती. मागून येणारी पोरं ओरडत होती, “चला काकू, आता थोडंच राहिलंय!” मी फाटक ढकलून आत गेले.

त्याचा हात गार पडला होता. तरी धरला. मग मात्र खूप रडले, मोठ्याने, त्याच्यासमोर. सिस्टरने ती पाटी त्याच्या उशाशी टेकवून ठेवली आणि दार लोटून घेतलं. मी बूट काढले आणि तिथेच बसून राहिले.

पाटी समोरच होती. “वाचता येतं ना?” असं विचारायला कोणी नव्हतं.