कुलपाआडचा रंधा

मी रंधा बोलतोय, कडेगावच्या नाथाजी सुताराचा. नीट ऐका, मला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय न्हाई.

माझं अंग बाभळीचं. नाथाजीच्या बापानं, तात्याबानं, ते तासलं आणि इस्लामपूरच्या इमाम लोहाराकडून पातं करून आणलं. मी दारं केली, चौकटी केल्या, पाळणे केले. लोक दाराला हळदकुंकू लावायचे. माझ्याकडं कुणी ढुंकून बघितलं न्हाई.

शहात्तर साली नाथाजीचा पोरगा जोतीराम कुवेतला निघाला. सुतारानं आपली हत्यारं आणावीत, न्हाईतर काम मिळणार न्हाई, असं कंपनीनं कळवलेलं. म्हणून करवत-पटाशीसंगं मला ट्रंकेत कोंबलं आणि कुलूप घातलं. तवापासून मी अंधारात.

मुंबईचं विमानतळ मी ट्रंकेच्या गंजक्या भोकातनं बघितलं. गादीच्या खुर्च्या, प्यायला गार पाणी, सामान आपोआप आत नेणारा पट्टा. एवढ्या खुर्च्या असून जोतीरामची आई अंबूबाई बसली आमच्या ट्रंकेवरच. लुगड्याचा घोळ भोकावर पडला. होता तेवढा उजेडही गेला.

कर्ण्यावर विमानाचा पुकारा झाला. जोतीराम गडबडीत पाया पडला, वळकटी पट्ट्यावर टाकली आणि मागनं बाप ट्रंक आणतोय असं समजून पुढं गेला. अंबूबाई उठली तवा ट्रंक दिसली. नाथाजीनं हाकेसाठी तोंड उघडलं, तर तिनं त्यावर हात ठेवला.

"आवं, निघालेल्या माणसाला मागनं हाक मारू न्हाई."

"आन् हत्याराबिगार त्यो काय दातानं लाकूड तासणार व्हय?"

हे बोलणं होईस्तवर पोरगा दाराआड गेला. पोलीस कुणाला आत सोडंना.

मग नाथाजी खिडकीतल्या साहेबाकडं गेला. यष्टीत डायव्हरकडं डबा दिला की साताऱ्यात बरोबर पोचतो, तशी ट्रंक विमानाच्या डायव्हरजवळ द्या म्हणाला. कुवेतात उतरून जोतीराम सुतार कोण म्हणून इचारलं की झालं. साहेब हसला. पुढच्या विमानानं बघू म्हणाला आणि ट्रंक सामानाच्या खोलीत ठेवून घेतली. दोघं म्हातारी निर्धास्त होऊन कराडच्या गाडीला गेली.

ते पुढचं विमान अजून यायचंय. डोक्यावरनं विमानं जातात, ट्रंकेचा पत्रा थरथरतो, मी जागचा हलत न्हाई. पातं गंजलं. तिकडं जोतीरामच्या हाताला काम दिलं, का विटा उचलायला लावलं, हे मला कोण सांगणार?

बाबांनो, तुमच्यापैकी कुणी कुवेतला गेला आणि कडेगावचा जोतीराम पाठमोरा दिसला, तर खुशाल मागनं हाक मारा. हाक न मारल्यानं काय होतं, ते मी इथं भोगतोय.