धुऊनपुसून नेलेलं दुखणं

मी एक गाडी बोलतेय. रंग राखाडी, दारं चार, मागे ऐसपैस डिकी. वय फक्त तीन वर्षं. एवढ्या वयात कसलं आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर काही माणसांचे उपकार आहेत, आणि ते बोलून दाखवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे आई कोण, बाप कोण, सांगता यायचं नाही. एकानं दारं बसवली, दुसऱ्यानं काचा, तिसऱ्यानं चाकं. प्रत्येकाचा हात मला दोन-दोन मिनिटं लागला आणि मी पुढे सरकले. मग शोरूम. तिथे लोक यायचे, आत बसायचे, दार धाडकन आपटून बघायचे आणि निघून जायचे. दार आपटून त्यांना काय कळायचं, ते मला अजून समजलेलं नाही.

मला घेणारा माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. त्यामुळे त्यानं मला पाहिलं तेसुद्धा अगदी नाक टेकवून. कुठे चरा आहे का, कुठे डाग आहे का, बोट फिरवून फिरवून बघितलं. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. तिनं माझं इंजिन पाहिलं नाही, रंग पाहिला नाही. सरळ मागच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावला, काढला, परत लावला.

"घट्ट बसतो ना हो?" तिनं विचारलं.

"अगं, नवी कोरी गाडी आहे."

"नवी असली म्हणून काय झालं? बघून घेतलेलं बरं."

तिचा स्वभाव मला तेव्हाच कळला. काळजी करायला तिला कारण लागत नाही. कारण नसलं तर ती शोधून आणते.

दोन महिन्यांनी मुलगी झाली. बाप तिला पहिल्या दिवसापासून बाईसाहेब म्हणतो. बाईसाहेबांना मीच दवाखान्यातून घरी आणलं. पण त्या दिवशी गाडीत कुणी हसत नव्हतं. मुलीचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं, तळवा आकाशाकडे बघत होता. आई रडत होती आणि बाप डॉक्टरबाईंचं बोलणं तिला पुन्हा पुन्हा सांगत होता, म्हणून मलाही ते पाठ झालं. दर आठवड्याला पायाला प्लास्टर घालायचं. दर वेळी पाऊल थोडं थोडं सरळ करत न्यायचं. हाडं कोवळी आहेत तोवरच हे जमतं, म्हणून एकही आठवडा चुकवायचा नाही. नीट झालं तर पोरगी चारचौघींसारखी चालेल, पळेल.

तो दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. जाताना दोन बस बदलाव्या लागल्या असत्या, तेही प्लास्टरमधला पाय सांभाळत. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. मला धन्य वाटलं. कुणाला तरी आपली इतकी गरज आहे, मग गाडीला आणखी काय हवं?

बाळासाठी एक छोटी खुर्ची आणली. ती मागच्या सीटवर उलटी बसवायची, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे. तिला जागा पुरेना, म्हणून ड्रायव्हरशेजारची सीट त्यानं पार पुढे सरकवली. बाळाच्या बाजूला आई. आणि आजी, म्हणजे त्याची आई, कधी आली तर त्या पुढच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची.

"मला काय, डिकीत बसवलंत तरी चालेल," असं म्हणायची. पण उतरायचं नाव काढायची नाही.

आणि नेमका तिसऱ्या आठवड्यात मी दगा दिला. चौकाच्या अलीकडे अचानक बंद पडले. खोकला नाही, उसासा नाही. समोरचे सगळे दिवे एकदम पेटले आणि इंजिन गप्प. मागून हॉर्नचा कल्लोळ. तो किल्ली फिरवतोय, ती बाळाला छातीशी धरून बसलीय. मला लाज वाटत होती. पोटात दुखतंय एवढं मला कळत होतं, पण कशानं दुखतंय ते गाडीला कसं कळणार? दहा मिनिटांनी मी आपोआप सुरू झाले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

शोरूमच्याच सर्व्हिस सेंटरमध्ये न्यायचं ठरलं. आता इथे त्यांची काय चूक झाली ती ऐका.

नेण्याच्या आदल्या दिवशी बाळाची आई, म्हणजे आमची बाई, बादली घेऊन आली. बाळाची खुर्ची काढून घरात नेली. दुधाचे डाग घासले. बिस्किटांचा चुरा, ओले लंगोट, तेलकट टॉवेल, सगळं बाहेर काढलं. पुढची सीट मागे ढकलून तिच्यासमोरची खालची चटई झाडली आणि सीट तशीच मागे राहू दिली.

"दुरुस्तीलाच तर न्यायचीय. एवढी कशाला घासतेस?" तो म्हणाला.

"परक्या माणसांनी आत डोकावलं तर काय म्हणतील? कसली घाणेरडी माणसं आहेत म्हणतील."

मी चकचकीत होऊन गेले. काउंटरवरचे साहेब माझ्याभोवती फिरून म्हणाले, "गाडी छान ठेवलीय हो तुम्ही." ती केवढी खूश झाली. मग मला कंप्युटर लावला, रस्त्यावर फिरवलं, दोन दिवस ठेवून घेतलं. मी एकदाही बंद पडले नाही. कागद मिळाला, त्यावर छापलेलं होतं, 'दोष आढळला नाही.'

घरी आल्यावर खुर्ची परत आत, सीट परत पुढे. आणि चार दिवसांनी मी परत बंद.

पुन्हा बादली, पुन्हा साबण, पुन्हा तोच कागद. आजी म्हणाली, "या गाडीला माहेरी गेलं की बरं वाटतं. सासरीच काय ते दुखतं हिचं."

दुसऱ्या खेपेला काउंटरवरच्या साहेबांनी हळूच विचारलं, "क्लच नीट दाबता ना तुम्ही?" हा प्रश्न त्याला फार लागला. घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला तो क्लच पार तळापर्यंत दाबत होता. फाटकापाशी मला उभी केली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, "विकून टाकू. नको ही कटकट."

"आणि प्लास्टरला कशानं जायचं?"

"बघू काहीतरी."

"बघू म्हणून कसं चालेल? बसमध्ये कुणाचा धक्का लागला तर? एक आठवडा चुकला तर पाय तसाच राहील. मोठी झाल्यावर मलाच विचारेल ना ती, आई, माझा पाय असा का म्हणून."

त्यानं किल्ली काढून खिशात टाकली. माझ्यावरचा राग बरोबर होता त्याचा. पण तिच्यामुळे मी त्या घरात राहिले, हे मी कधी विसरणार नाही.

मग सहावं प्लास्टर झालं. त्यानंतर दोन दिवसांनी बाळाला लस टोचायला जवळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मागच्या सीटवरून मला कुजबूज ऐकू आली. बाई लेकीच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होती, "बोलायचं नाही हं कुणाला." दीड महिन्याचं पोर, ते काय बोलणार? पण त्या कुजबुजीतून मला सगळं कळलं. आदल्या दिवशी आंघोळ घालताना प्लास्टर पाण्यात बुडालं होतं. तिनं ते पंख्यासमोर धरून वाळवलं आणि वरून जाड मोजा चढवला. प्लास्टर खाली घसरलं होतं. काल पाच बोटं दिसत होती, आज नुसती टोकं दिसत होती. डॉक्टरबाई रागवतील, नवरा बोलेल, सासू काहीतरी म्हणेल, या भीतीनं ती मोज्यावरून सारखा हात फिरवत होती. पुढचं प्लास्टर आणखी पाच दिवसांनी होतं. तेवढे दिवस ती हे असंच झाकून काढणार होती.

लस टोचून परत निघालो. त्यानं आरशातून पाहत विचारलं, "नर्स पाय दाखवा म्हणत होती, तर दाखवला का नाहीस?"

"झोपली होती ना. उठली असती."

एवढ्यात मी बंद पडले. सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर होतं. तो खाली उतरला, दोन वाटसरूंनी हात लावला आणि मला ढकलत ढकलत थेट फाटकात आणलं. ना धुतलेली, ना पुसलेली. आत दुधाची बाटली लोळतेय, ओला लंगोट दाराला वाळत घातलाय. बाई पदरानं सीटवरचा चुरा गोळा करायला लागली.

काउंटरवरचे साहेब धावत आले. "सामान काढा, ती खुर्ची काढा, गाडी आत घ्या."

"थांबा," कुणीतरी म्हणालं. "कुणी कशाला हात लावू नका."

फाटकाशी स्टुलावर चहा पीत बसलेले एक म्हातारे कारागीर उठून आले. वायरिंगचं काम ते बघायचे, सगळे त्यांना वायरकाका म्हणत. कंप्युटरला माझ्यात काही दोष दिसत नव्हता, म्हणून मी कधी त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता.

"काका, तुमच्या काचेवर चरा पडलाय," आमचा माणूस सवयीनं बोलून गेला.

"तो मला दिसतो. तुमच्या गाडीचा रोग दिसत नाही, तो बघू दे आधी." काका गुडघ्यावर बसले, पुढच्या सीटखाली हात घातला आणि चाचपत राहिले. मग म्हणाले, "आधी दोनदा आणलीत, तेव्हा अशीच आणली होतीत?"

"नाही हो," बाई घाईघाईनं म्हणाली. "स्वच्छ धुऊन आणली होती. खुर्ची काढून, सीट मागे घेऊन. आज वेळच मिळाला नाही, म्हणून एवढा पसारा."

काका हसले. "पेट्रोलच्या पंपाची वायर या सीटखालून जाते. तिला धरून ठेवणारी क्लिप कारखान्यात बसवायचीच राहिलीय. सीट पार पुढे नेली की वायर रुळात चिमटते, पेट्रोल बंद आणि गाडी बंद. तुम्ही सीट मागे घेऊन आणायचात, वायर मोकळी, गाडी ठणठणीत. ताई, दुखणं दाखवायला यायचं आणि तेच झाकून आणायचं, मग आम्ही बघायचं काय?"

ते माझ्याबद्दल बोलत होते. पण बाईचा हात मोज्यावर थांबला.  मग ती बोलली.

"अहो, पिलूचं प्लास्टर भिजलंय. काल. मी सांगितलं नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. तिनं मोजा काढला. बोटांची टोकंही आता जेमतेम दिसत होती, आणि लालसर झाली होती.

"कालच का नाही बोललीस?"

"तुम्ही काय म्हणाल म्हणून."

काका मध्ये पडले. "भांडण घरी करा. मला पाच मिनिटं द्या." त्यांनी वायर ओढून वर घेतली, पट्टीनं बांधली, सीट पुढे-मागे करून पाहिली. "जा आता दवाखान्यात. कायमचं काम उद्या करू, आणि उद्याही अशीच आणा."

त्या दिवशी मी कशी पळाले, ते माझं मला माहीत. शहराच्या त्या टोकापर्यंत एकदाही अडखळले नाही. मागे ती बाळाची बोटं हातात धरून बसली होती. पुढे तो एवढंच म्हणाला, "रागवणार नाही मी. पण सांगत जा गं."

येताना पायाला नवं, कोरडं प्लास्टर होतं. डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग म्हणाल्या, आलात ते फार बरं केलंत. आत कातडी सोलवटायला लागली होती. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर जखम झाली असती, आणि ती भरेपर्यंत प्लास्टर घालता आलं नसतं. घरी आल्यावर आजी फाटकापाशीच माझ्यात येऊन बसली, तेव्हा तिला सगळं सांगितलं. आजीनं बाळाची बोटं एकेक करून मोजली. मग म्हणाली, "ह्याच्या वेळी मी पण पोर पडल्याचं लपवलं होतं. पाटावरून पडला होता हा. अजून सांगितलं नव्हतं कुणाला."

"काय?" तो म्हणाला.

"डोक्यावर नव्हतास पडला. म्हणजे, मला तरी तसं वाटतं."

त्या दिवशी माझ्यात बसून तिघंही हसली. फार दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी काकांनी क्लिप बसवली. काउंटरवरच्या साहेबांनी 'दोष आढळला नाही' असे दोन्ही कागद मागून घेतले आणि फाडले. "क्लचचं बोललो ते मनावर घेऊ नका," असंही म्हणाले. माझ्याबरोबर तयार झालेल्या बाकीच्या गाड्यांनाही बोलावून त्यांच्या सीटखाली बघितलं म्हणे. मला बरं वाटलं. माझ्या बहिणी कुठल्या चौकात अडकल्या असतील, कुणास ठाऊक.

आज मी बरी आहे. मागच्या बंपरला एक पोचा आहे, तो मी डिकीमागे मिरवते. ज्यांनी मला दोन-दोन मिनिटं हात लावून घडवलं त्यांचे, जाड चष्म्याच्या त्या काकांचे, आणि विकायच्या वेळी 'नको' म्हणणाऱ्या त्या घाबरट बाईचे माझ्यावर उपकार आहेत. तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी असेल तर एवढंच सांगणं आहे. तिला दाखवायला न्याल तेव्हा जशी आहे तशी न्या. चुरा, डाग, पसारा सगळ्यासकट. तिथे कुणी तुम्हाला नावं ठेवायला बसलेलं नसतं. आणि ठेवलीच, तर ठेवू देत.

बाईसाहेब आता पावणेतीन वर्षांच्या आहेत. त्यांना कुणी उचलून आत ठेवलेलं खपत नाही. डावा पाय खाली, उजवा पाय माझ्या दाराच्या उंबऱ्यावर, दोन्ही हातांनी सीट धरून त्या स्वतः चढतात. फार वेळ लागतो. तो घड्याळ बघत असतो. ती हात पुढे करते, मागे घेते, पुन्हा पुढे करते, पण धरत नाही. सारा भार त्या उजव्या पावलावर येतो, सपाट, सरळ, आणि मी श्वास रोखून उभी राहते.

चढ गं बाई, सावकाश चढ. मला कसली घाई नाही.