रूबेनकाका दहा म्हणत नाहीत

घरात कोंडलेल्या माणसाच्या हाती मोबाइल म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे आपण सगळेच जाणतो आणि सगळेच विसरतो. मधू देवस्थळी ते विसरला दोन हजार वीसच्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी.

मेलबर्नच्या टार्निट उपनगरात तेव्हा कडक लॉकडाऊन होता. व्यायामासाठी दिवसातून एकच तास बाहेर पडायचं, तेही फार तर दोघांनी. मधूचं आयटीचं ऑफिस बेडरूममध्ये, बायको नीलिमाचं डायनिंग टेबलावर. सकाळी दहाला तो चहा घेऊन खिडकीशी उभा राहिला, तर समोरून एक म्हातारा झोकांड्या खात चाललेला. मास्क हनुवटीवर, तोंडाने पुटपुटणं चालू, मधेच एका लेटरबॉक्सचा आधार घेतलेला. मधूने बाहेर येऊन गाडीच्या आडून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. 'आमच्या स्ट्रीटचा शनिवारचा बेवडा. मास्क नाही, लाजही नाही,' असं लिहून त्याने तो एस्टेटच्या, म्हणजे वसाहतीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

अडीचशे घरांना तेवढंच हवं होतं. कुणी हसून लोळले, कुणी म्हाताऱ्याचा घर नंबर शोधून काढला. पलीकडे राहणाऱ्या वसईच्या क्लाइव्हने पोलिसांना फोन केला आणि वर 'गुड ऑन यू, मेट' म्हणून मधूची पाठही थोपटली. एवढ्या मोठ्या ग्रुपात एकालाही वाटलं नाही, की दार उघडून विचारावं, काका, बरं वाटतंय ना? शिकलेली, कमावती माणसं ही! लाज म्हाताऱ्याला नव्हती की आपल्याला?

त्यानंतर दोन आठवडे म्हातारा दिसला नाही. मधू तर विसरूनही गेला होता. एका संध्याकाळी नीलिमाने तो व्हिडिओ इयरफोन लावून पाहिला आणि ती गंभीर झाली.

"मधू, हा माणूस मराठीत मोजतोय."

"काय मोजतोय? पेग?"

"हसू नकोस, ऐक. सात, आठ, नऊ, मग परत एक, दोन. पावलागणिक एक आकडा आहे. प्यायलेला माणूस इतकं नीट मोजेल का?"

मधूने ऐकलं. त्याचं हसू मावळलं. दुसऱ्या दिवशी तो ग्रुपवरूनच मिळालेल्या पत्त्यावर गेला. घराच्या पाटीवर 'नागावकर' होतं. कुणाच्या घरात जायला बंदी होती, म्हणून तो ड्राइव्हवेवरच थांबला. जाळीच्या दारामागे सत्तरीची एक बाई येऊन उभी राहिली. त्या हॅनाकाकू, त्या म्हाताऱ्याच्या, रूबेनकाकांच्या पत्नी.

"तोच का तू, व्हिडिओवाला?"

"चूक झाली, काकू. मला माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायला काय लागत होतं? नुसता रस्ता तर ओलांडायचा होता."

मग त्या बोलल्या, आणि मधूने मान खाली घालून ऐकलं. नागावकर म्हणजे बेने इस्राएल, अलिबागजवळच्या नागावचे ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली. रूबेनकाका बाविसाव्या वर्षी मेलबर्नला आले आणि व्यावसायिक बॉक्सर झाले. अकरा वर्षांत एकेचाळीस लढती. सामने भरवणारा म्हणाला, नाव बदल, 'रे नॅश' ठेव. काकांनी रिंगमध्ये उतरताना घालायच्या झग्यावर 'नागावकर' भरून घेतलं आणि खाली ज्यूंची सहा टोकांची चांदणी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागे, तेव्हा ते लढत नसत, आणि मोठे सामने नेमके शुक्रवारी रात्री. म्हणून किताबाची लढत कधी वाट्याला आलीच नाही. प्रेक्षक धर्मावरून शिव्या देत, रंगावरूनही देत. पडलेला बॉक्सर पंचांनी दहा मोजेपर्यंत उठला नाही, तर हरतो; काका कितीदा तरी खाली पडले, पण पंचांना त्यांनी दहा आकडे कधी पुरे करू दिले नाहीत. नवाला उठायचेच.

"उठला की लोक टाळ्या पिटायचे," काकू म्हणाल्या. "पुन्हा मार खायला उठतोय, हे कुणाला दिसायचं नाही. ते डोक्यात बसलेले ठोसे आता पायात आणि जिभेत उतरलेत. पाऊल चुकू नये म्हणून तो मोजत चालतो, पण दहा कधी म्हणत नाही. नाक मोडलंय, मास्कमध्ये जीव घुसमटतो. डॉक्टरचं लेटर खिशात असतं. आणि बेवडा? अरे, शुक्रवारच्या प्रार्थनेलासुद्धा आमच्याकडे वाइनऐवजी मनुकांचं सरबत असतं."

मधूने खिशातला मोबाइल बाहेर काढला.

"त्या काळी निदान तिकीट काढून बघायचे रे. तू फुकट दाखवलास."

"मी आत्ता ग्रुपवर सॉरी लिहितो."

"लिही ना. सॉरीने त्याचे पाय हलणार आहेत का? फिजिओ बंद आहे. रोज चालला नाही तर ख्रिसमसपर्यंत व्हीलचेअर, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पोलीस लेटर बघून सॉरी म्हणून गेले, पण तेव्हापासून हा खुर्चीतून उठलेला नाही. म्हणतो, लोक हसतात."

मधूने स्वतःच्या नावाने माफी लिहिली, काकांना काय झालंय तेही लिहिलं. 'जस्ट अ जोक होता यार' असंही कुणीतरी म्हणालंच. पण दुसऱ्या दिवसापासून मधू रोज दहाला त्या ड्राइव्हवेवर जाऊन उभा राहू लागला. तीन दिवस दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी काका बाहेर आले, मधूकडे न बघता चालू लागले. मधू दीड मीटर अंतर ठेवून बरोबर चालला.

त्याच लेटरबॉक्सपाशी काकांचा पाय अडखळला आणि ते गुडघ्यावर आले. जागच्या जागी मोजू लागले, "एक, दोन, तीन..."

मधू धावला, आणि त्याचं लक्ष समोर गेलं. क्लाइव्ह मोबाइल उंच धरून उभा होता.

"क्लाइव्ह! मोबाइल खाली ठेव आणि हात दे!"

क्लाइव्ह चपापला. मोबाइल खिशात कोंबून, मास्क सारखा करत तो पळत आला. दोघांनी दोन दंड धरले. काकांची मोजणी आठावर रेंगाळली होती. त्यांनी आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"नऊ," ते म्हणाले आणि उभे राहिले. "आजपर्यंत एकटाच उठत होतो."

मग पुढचं पाऊल टाकत म्हणाले, "एक."

मंडळी, आपल्याही रस्त्यावर कुणीतरी अडखळतच असतं. त्याला काय झालंय, हे कॅमेऱ्याला कळत नाही, ते विचारावं लागतं. तेव्हा हात खिशातल्या मोबाइलकडे जाण्याआधी त्या माणसाकडे जाऊ द्या. दहा म्हणायच्या आत.