उजव्या चाकाचे दोन नट

दुपारी एकला दहा मिनिटं असताना मी घास तोंडाशीच थांबवला. हातात अर्धं सँडविच होतं, समोर दोरीच्या पलीकडे आमची सत्तावीस नंबरची शर्यतीची गाडी उभी होती, आणि मला अचानक आठवलं की उजवं पुढचं चाक धरणाऱ्या आर्मच्या दोन नटांवर मी पिवळी रेघ आधी मारली होती.

आधी म्हणजे नट आवळायच्या आधी.

आमच्याकडे हे काम असं चालतं. नट टॉर्क पान्याने आवळायचा, ठरलेला जोर लागून पाना कट्ट वाजला की थांबायचं आणि मग पिवळ्या पेनने नटावरून बोल्टपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. रेघ दिसली की दुसरा कुणी त्या नटाला हात लावत नाही. तपासणीवालासुद्धा रेघ बघून पुढे सरकतो. मी दहा वर्षांची असताना डॅडींनी मला ते पेन दिलं होतं आणि म्हणाले होते, "डार्ला, ही रेघ म्हणजे तुझी जबान. खोटी मारलीस तर मी मरेन, एवढंच." असं बोलून वर हसलेसुद्धा होते. आमच्या घरात विनोद हे असेच असतात.

आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि गेली अकरा वर्षं त्यांची गाडी मीच बांधते. एवढ्या वर्षांत एकही रेघ उलटी मारली नव्हती. त्या सकाळी का मारली, तर तो म्हातारा होबर्ट.

होबर्ट आमच्या ब्रशी फोर्क ट्रॅकचा मुख्य तपासनीस. रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो आणि शनिवारी लोकांच्या गाड्या परत पाठवतो, दोन्ही कामं सारख्याच सुतकी चेहऱ्याने. ऑक्टोबरातल्या मोठ्या शर्यतीला तर त्याच्या अंगातच येतं. नियम असा की तपासणीत तीनदा नापास झालात तर ट्रेलरमध्ये गाडी घाला आणि घरी जा. आम्ही पहिल्यांदा वजनावर नापास झालो, डाव्या बाजूला नऊ पौंड जास्त होते. ते हलवलं. दुसऱ्यांदा त्याने उजव्या पुढच्या चाकाला मोजपट्टी लावली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "जास्त झुकलंय. उरला एकच चान्स, डार्ला. रांग पंधरा मिनिटांत बंद होते."

चाकाचं झुकणं कमी करायचं तर आर्म सोडवून मागची पातळ पत्री काढायची आणि दोन नट पुन्हा आवळायचे. दहा मिनिटांचं काम आहे. पण टॉर्क पाना एकच होता आणि तो डॅडींकडे होता, ते मागे वजनाचे बोल्ट आवळत होते. मी पत्री काढली, नट हाताने बसवले, पेन दातात धरलेलंच होतं. म्हटलं, पाना येईपर्यंत रेघा मारून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल. मारल्या. मग पाना आला. निदान आला असावा. मला कट्ट आवाज आठवत होता, पण तो माझ्या हातातल्या पान्याचा की डॅडींच्या हातातल्या, ते आठवत नव्हतं. शेजारीही दहा गाड्यांचे दहा पाने वाजत होते. तेवढ्यात होबर्टचा माणूस ओरडला, आम्ही गाडी ढकलत नेली आणि तिसऱ्या खेपेला पास झालो.

त्यानंतर डॅडींनी पात्रतेच्या दोन फेऱ्या मारल्या आणि एक्क्याऐंशी गाड्यांत तिसरे आले.

तिसरे! ही शर्यत गाठायला ते एकोणीस वर्षं धडपडत होते. पहिल्या वीस गाड्या फेरीच्या वेळेवरून थेट शर्यतीत जातात. बाकीच्यांच्या तीन हाणामारीच्या हीट, म्हणजे छोट्या चाळणी-शर्यती होतात, प्रत्येकीतून सहा जण आत, उरलेले घरी. डॅडी एकोणीस वर्षांत सतरा वेळा घरी गेले होते आणि थेट तर एकदाही गेले नव्हते.

आणि आता गाडी दोरीच्या आत होती. पात्रतेनंतर गाडी दोरीच्या आत गेली की शर्यतीपर्यंत तिला पाना लावायचा नाही. लावलात तर वेळ रद्द.

मी सँडविच फेकून दिलं, दोरीशी उकिडवी बसले आणि चाकाच्या फटीतून टॉर्च मारली. रेघा दिसल्या. पण दोन्ही ओल्या असतानाच हात लागून फराटलेल्या, त्यानंतर नट फिरला की नाही ते कळेना. आणि न आवळलेला नट लगेच निघतोच असं कुणी सांगितलंय? तयारीची धरून तीन फेऱ्या तो तसाच बसून राहील आणि चाळिसाव्या फेरीला निघेल. आमच्या ट्रॅकवर सगळं डावीकडे वळायचं असतं, त्यामुळे अख्खा भार उजव्या पुढच्या चाकावर येतो. ते चाक पहिल्या वळणावर दुमडलं तर गाडी वळत नाही, सरळ भिंतीत जाते. मला ती भिंत बसल्या जागेवरून दिसत होती. ऊन चांगलं डोक्यावर आलं होतं, मी उठले.

होबर्ट दोरीच्या टोकाला खुर्ची टाकून बसला होता. मी जमेल तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "होबर्टकाका, समजा एखाद्याला आपल्या नटाबद्दल शंका आली, तर?"

"कुणाला आली?"

"समजा म्हटलं ना."

"समजायला मी मोकळा नाही बसलोय. जिवाचा प्रश्न असेल तर हात लावायला ना नाही. माझ्यासमोर लावायचा. पण पाना लागला की वेळ गेली. गाडी तिसऱ्या हीटला, सगळ्यांच्या मागे."

"नट घट्टच निघाला तरी?"

"घट्ट निघाला काय, सोन्याचा निघाला काय. पाना तो पाना." मग त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काय गं, तोंड का उतरलंय तुझं?"

"ऊन लागलंय," मी म्हटलं.

मागून कुणीतरी खिदळलं. लँडन प्रुएट. हा एकविसावा आला होता, म्हणजे अगदी उंबरठ्यावर अडकलेला. आमची वेळ रद्द झाली तर विसावी जागा त्याची. दोनदा नापास झालेली गाडी तिसरी येतेच कशी, कुठेतरी पाणी मुरतंय, असं सकाळपासून तो ज्याला त्याला सांगत फिरत होता.

"गाडीपाशी घुटमळतेस काय गं डार्ला?" तो म्हणाला. "आत काय लपवलंय ते काढायचं राहिलं वाटतं?"

"तुझी अक्कल शोधतेय, लँडन. इथेही नाही."

लोक हसले. मी आता गाडीला हात लावला तर सगळे प्रुएटचंच खरं मानणार. चोरी काढायला गेली म्हणणार.

डॅडी पिकअपच्या मागच्या फळीवर बसून उकडलेल्या शेंगा खात होते. चार म्हातारे भोवती जमले होते, पाठीवर थापा चालल्या होत्या. चौसष्ट वर्षांचा माणूस पाय हलवत बसला होता. त्यांना इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं, अर्थात त्या लग्नात खूश होण्यासारखं फारसं नव्हतंच. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं.

त्यांनी हातातली शेंग सोलून तोंडात टाकली. "आवळलेस की नाही?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय, पोरी? हात तुझे होते ना?"

"डॅडी, खरंच आठवत नाही. देवाशपथ."

ते गाडीच्या दिशेने बघत राहिले. "तीन फेऱ्या टिकला ना? मग टिकेल."

"आणि नाही टिकला तर?"

"तर भिंत आहेच थांबवायला." ते हसले. मी हसले नाही, तसा त्यांचा आवाज खाली आला. "हे बघ, तू कामाच्या बाबतीत आंधळेपणा करत नाहीस. मी तुझ्या रेघेवर अकरा वर्षं गाडी चालवलीय, एकदाही मागे वळून बघितलं नाही. आज का बघू? जा, काहीतरी खा. आणि हे कुणाला बोलू नकोस."

त्यांचा माझ्यावर विश्वास होता. त्यानेच माझी पाचावर धारण बसली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शर्यत चारला होती, तिसरी हीट अडीचला. म्हणजे जे काय करायचं ते त्याआधी. मी तासभर फिरत राहिले. पंचाहत्तर पौंडांच्या जोरावर पाना धरला की दंडात कळ येते, ती सकाळी आली होती का, हे मी दंड दाबून दाबून आठवत होते. कधी वाटायचं आली होती. मग वाटायचं, ती कालची. दोन वाजून पाच मिनिटांनी पहिल्या हीटमधली एक गाडी पहिल्या वळणावर भिंतीला घासली. काही झालं नाही, पोरगा हात हलवत बाहेर आला. पण तो आवाज ऐकला आणि मी पेटीतून टॉर्क पाना काढला, होबर्टसमोर जाऊन म्हटलं, "मी हात लावतेय," आणि दोरीखालून आत शिरले.

मागे एकदम गलका झाला. "बघा, बघा! मी काय म्हणत होतो!" प्रुएट ओरडला. डॅडींचा आवाजही ऐकू आला, "डार्ला! बाहेर ये! डार्ला!" मी वळले नाही. वळले असते तर बाहेर आले असते.

पोटावर झोपून हात आत घातला. पाना पहिल्या नटावर बसवला, ओढला.

कट्ट.

केसभरही हलला नाही. दुसऱ्यावर बसवला.

कट्ट.

दोन्ही घट्ट होते. सकाळी मीच आवळले होते, नीट, जसे नेहमी आवळते तसे.

मी तिथेच पडून राहिले. उठून कुणाच्या तोंडाकडे बघायचं? होबर्टने काचेवरचा तिसऱ्या नंबरचा स्टिकर नखाने खरवडून काढला. त्यालाही ते आवडलं नसावं, कारण तो तेवढ्यात दोनदा "नियम आहे" म्हणाला. प्रुएटच्या माणसांनी टाळ्या पिटल्या.

डॅडी हेल्मेट चढवून गाडीत बसले. मी पट्टे बांधायला खिडकीतून वाकले तेव्हा वाटलं, आता ओरडतील. खांद्याचे पट्टे ओढले, कमरेचे ओढले. हेल्मेटच्या आतून ते माझ्या हातांकडे बघत होते.

"दोन्ही घट्ट होते?" त्यांनी विचारलं.

"हो डॅडी. चुकले मी."

"डावीकडचे?"

"ते सकाळी तुम्हीच... नाही, ते मी आवळले होते. शुक्रवारी."

"आठवतंय ना?"

"आठवतंय."

"आणि स्टिअरिंगचा?"

अकरा वर्षांत त्यांनी मला असं कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. खरंच आठवत होतं. पण माझा आवाज असा निघाला की मलाही तो खोटा वाटला. त्यांनी मान हलवली आणि इंजिन चालू केलं.

तीस फेऱ्यांची हीट. बावीस गाड्या, डॅडी सगळ्यात मागे. त्यांच्याइतकी वेगवान गाडी त्या हीटमध्ये एकही नव्हती, सहाव्या नंबरपर्यंत यायला वीस फेऱ्या खूप झाल्या असत्या. मी पिटच्या भिंतीवर उभी राहिले. पहिल्या वळणाच्या आधी कठड्यावर एक लाल खूण आहे, डॅडी त्या खुणेपर्यंत गॅस सोडत नाहीत. सकाळी पात्रतेत तर खुणेच्याही पुढे जाऊन सोडला होता.

पहिल्या फेरीत त्यांनी खुणेच्या बरंच आधी गॅस सोडला. म्हटलं, गर्दी आहे. दुसऱ्या फेरीत पुढे कुणी नव्हतं, तरी तेच. तिसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते दोघा-तिघांना मागे टाकायचे आणि पहिल्या वळणावर तेवढेच लोक त्यांना मागे टाकून जायचे. गाडीचा आवाज तिथे असा पडायचा, की मला दरवेळी कानांवर हात ठेवावेसे वाटायचे. रेडिओवर मी एकदाच बोलले, "डॅडी, गाडी चांगली आहे. घाला आत." पुढच्या फेरीलाही त्यांनी खुणेच्या आधीच गॅस सोडला.

ते अठरावे आले.

ट्रेलरपाशी त्यांनी गाडी थांबवली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मी खिडकीची जाळी सोडली, ते बाहेर आले, हेल्मेट काढलं. घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि ओठांना रंग नव्हता. ते टायरवर बसले.

"घाबरलो गं," ते म्हणाले. "त्या वळणावर पाय आपोआप वर यायचा. मला ठाऊक होतं नट घट्ट आहेत. पायाला पटत नव्हतं."

मी त्यांच्यासमोर बसले. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बोटांवरचं ग्रीस अंगठ्याने पुसू लागले. मी लहान असताना जेवायच्या आधी असेच पुसायचे.

"तू बरोबरच केलंस," ते म्हणाले. "शंका आली तर हात लावायलाच पाहिजे. प्रुएट काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

"डॅडी..."

"फक्त पुढच्या खेपेपासून नट मीच आवळीन. सगळे. तू वजन बघ, टायर बघ. उगाच तुझ्या जिवाला घोर नको."

त्यांनी ते इतक्या मायेने म्हटलं की मला भांडता आलं नाही. मी हो म्हटलं. पलीकडे मोठ्या शर्यतीच्या गाड्या रांगेत लागत होत्या. डॅडी उठले, पेटीतून टॉर्क पाना काढला आणि आपल्या काखेत मारला.